ब्राउझर बदलण्याचा ठराव

धरणगाव,
मंगळवार, सकाळी नऊ

वयाने बरोबरीचे, पण दाढीमुळे वडीलधारे दिसणारे माझे परममित्र श्री. कादरभाऊ पेटीवाले, मुक्काम धुळे, यांस देवचंदचा जय भीम आणि सलाम. दोन्ही वेगवेगळे स्वीकारावेत.

पत्र पाहून घाबरू नकोस. इकडे कोणी गेलेले नाही, कोणी दवाखान्यात नाही, घराला काही झालेले नाही. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण तुझ्या जागी मी असतो आणि धरणगावचे पाकीट अचानक हातात पडले असते, तर ते फोडण्याआधी मी ग्लासभर पाणी पिऊन, खुर्चीत नीट टेकून, एक माणूस जवळ बोलावून ठेवला असता. तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन दीड महिना झाला. थेंब वेळेवर घालतोस ना? (तुझा मुलगा रमीज म्हणाला की तू काळा चष्मा लावून बाजारात हिंडतोस आणि ओळखीच्या माणसांना ओळख देत नाहीस. हे चांगले नाही.) शहजादीभाभींच्या गुडघ्याला आराम असावा. तुमच्या नव्या घराचा जिना उभा आहे हे ऐकल्यापासून मला घोर लागला आहे. उतरताना कठडा धरा, दोघे एकदम उतरू नका, आणि हातात काही घेऊन तर मुळीच उतरू नका. माझी प्रकृती ठीक आहे. साखर थोडी वर आहे, पण ती वर आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे तिची काळजी नाही. ज्या गोष्टी माहीत नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते.

फोन का केला नाही, असे तू म्हणशील. माझा फोन साधा, बटणांचा. त्यात समोरच्याचे बोलणे मला कमी आणि गल्लीला जास्त ऐकू येते, आणि मला जे सांगायचे आहे ते घरात अजून कोणाला माहीत नाही. मुलाला नाही, सुनेलाही नाही. म्हणून पोस्टाने. (तुझी नात हुमा हे वाचून दाखवत असेल तर तिने येथे थांबावे, पत्र तुझ्या हातात द्यावे आणि बाहेर जावे. बेटा, राग मानू नकोस.)

तर गोष्ट अशी की मी दहावीला बसतो आहे.

हसून झाले असेल तर पुढे वाच. आपण दोघेही सातवीनंतर शाळेतून निघालो. तू वडिलांबरोबर पत्र्याच्या पेट्या ठोकायला बसलास आणि मी कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, लागलो. त्याचे मला कधी दुःख झाले नाही, आताही नाही. पण गेली चार वर्षे आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत जी अभ्यासिका आहे तिची किल्ली माझ्याकडे आहे. सकाळी सातला कुलूप काढायचे आणि संध्याकाळी, विहारात वर्षावासाचे वाचन सुरू होण्याआधी, लावायचे. मधल्या वेळात तीस-पस्तीस पोरे-पोरी आत बसून पोलीस भरतीचा, तलाठ्याचा, नर्सिंगचा अभ्यास करतात आणि मी दारात बसून त्यांच्या चपला मोजतो. (चपला जातात. दोनदा गेल्या.) चपला मोजून झाल्यावर दिवस बराच उरतो. त्या वेळात मी कपाटातली जुनी शाळेची पुस्तके वाचू लागलो. आठवीची झाली, नववीची झाली, दहावीचा इतिहास दोनदा झाला. भूमितीची भीती होती, पण जिनात इंजिनाचा पट्टा केवढा कापायचा याचा हिशोब मी तीस वर्षे करत होतो, तोच यात आहे. फक्त पुस्तकात त्याला नाव आहे. मग एका दुपारी मनात आले, इथे बसलेला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या परीक्षेचा आहे, फक्त दारातला म्हातारा कशाचाच नाही. हा विचार एकदा आला तो जाईना. बाहेरून बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो हे तुला माहीत असेल. तो कॉम्प्युटरवरच भरायचा. शेवटची तारीख कालची, सोमवारची होती. ती चुकली असती तर पुढच्या वर्षावर गेले असते, आणि माझ्या वयात पुढचे वर्ष ही वस्तू मी गृहीत धरत नाही.

हितेंद्रच्या सेंटरवर का गेला नाहीस, असेही तू म्हणशील. चौकातला हितेंद्र पोरगा वाईट नाही. सगळ्यांचे फॉर्म भरतो, आणि ज्याचा भरला त्याचे अभिनंदन त्याच संध्याकाळी मोबाइलवर साऱ्या गावाला पाठवतो. माझ्या बाबतीत तो तेवढ्यावर थांबला नसता. चौकात फ्लेक्स लागला असता, त्यावर माझा फोटो, फोटोला त्याने स्वतःहून घातलेला गॉगल, आणि खाली शुभेच्छुकांची चाळीस तोंडे. माझ्या मुलाला बाप दहावीला बसतो हे दूध आणायला गेल्यावर कळले असते. आणि समजा मी नापास झालो, तर तो फ्लेक्स कोण उतरवणार? तो वारा येईपर्यंत तिथेच. म्हणून फॉर्म अभ्यासिकेच्याच कॉम्प्युटरवर, दुपारी पोरे जेवायला गेली की भरायचा, असे मी ठरवले. आणि त्या कॉम्प्युटरने मला सांगितले की तुमचा ब्राउझर फार जुना आहे, यावर हा फॉर्म उघडणार नाही.

ब्राउझर म्हणजे काय हे मला तेव्हा अर्धवट माहीत होते. (कॉम्प्युटरमधून बाहेरचे जग ज्या खिडकीतून दिसते ती खिडकी, असे समज. रमीजला विचारलेस तर तो यात चुका काढेल.) आता हा ब्राउझर जुना कसा झाला, यात माझाच हात आहे, आणि तो मी लपवणार नाही. वर उजव्या कोपऱ्यात एक खूण यायची. आधी ती हिरवी असे, दोन-चार दिवसांनी नारिंगी होई, आणि आठवड्याने लाल. मला वाटले पिकते आहे. मिरचीसारखी पूर्ण लाल झाली की आपोआप गळून पडेल म्हणून मी वाट पाहिली. ती गळली नाही. मग खाली विचारणा येऊ लागली की ब्राउझर नवा करू का? मी प्रत्येक वेळी 'नंतर' दाबले आणि वहीत लिहून ठेवले, 'आजही विचारले. नंतर म्हटले.' अशा एकेचाळीस नोंदी आहेत. यात आळस नव्हता. अभ्यासिकेतली कोणतीही वस्तू कमिटीच्या ठरावाशिवाय बदलायची नाही असा आमचा नियम आहे. मागे एकाने भिंतीवरचे घड्याळ या भिंतीवरून त्या भिंतीवर टांगले होते, तर दोन महिने अर्धी कमिटी अर्ध्या कमिटीशी बोलत नव्हती.

कमिटी पौर्णिमेला बसते. गेल्या बुधवारी पौर्णिमा होती, म्हणजे शेवटच्या तारखेला पाच दिवस. वंदना झाली, खीर वाटली, आणि वाट्या गोळा व्हायच्या आत मी विषय मांडला. आमचे अध्यक्ष जीवरामनाना पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी खिरीची वाटी खाली ठेवली आणि विचारले, "देवचंद, जुना ब्राउझर डेड स्टॉक रजिस्टरला चढलेला आहे का?"

मी म्हटले, कॉम्प्युटर चढलेला आहे, टेबल चढलेले आहे, ब्राउझरचे पाहावे लागेल.

"पाहा. जुना उतरवल्याशिवाय नवा चढत नाही. आणि जुन्याचे काय करणार? मोडीत कोण घेतो?"

आमच्या कमिटीत प्रमिलाबाई आहेत, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "नाना, ती काय सतरंजी आहे का? आतली वस्तू आहे ती. डोळ्याला दिसत नाही."

"दिसत नाही म्हणूनच नोंद पाहिजे, बाई. दिसणारी वस्तू नेली तर कळते तरी."

या बोलण्यात वजन होते. मीसुद्धा दोन मिनिटे विचारात पडलो की जुना ब्राउझर कोणी आधीच नेलेला असेल तर. शेवटी प्रमिलाबाईंनीच तोडगा काढला. त्या म्हणाल्या, "लिहा, जुन्याची नोंद ठेवून नवा बसवावा. आणि लवकर लिहा, माझी सून दारात थांबली आहे." तसा ठराव झाला, सूचक मी, अनुमोदक प्रमिलाबाई, सर्वानुमते मंजूर. जुन्या ब्राउझरचा नंबर मी पडद्यावरून रजिस्टरात उतरवून घेतला. तो नंबर आपल्या दोघांच्या फोन नंबरांपेक्षा लांब आहे आणि त्यात मध्ये मध्ये टिंबे आहेत. शेरा या रकान्यात मी 'जीर्ण' असे लिहिले.

गुरुवारी सकाळी, हातपाय धुऊन, मी ब्राउझरला पहिल्यांदा 'हो' म्हटले. एक निळी रेघ सरकू लागली, निम्म्यावर आली आणि थांबली. खाली लिहून आले की जागा शिल्लक नाही. दोन दिवस मी ही जागा शोधत होतो. कॉम्प्युटरच्या पोटात इतके काय भरले आहे ते उघडून पाहिले, तर त्यात चौदा एप्रिलच्या जयंतीचे जीवरामनानांचे भाषण निघाले. भाषण पन्नास मिनिटांचे आहे आणि ते तिथे सव्वीस वेळा होते. ते कोणी ठेवले म्हणशील तर मीच. नाना मला एकदा म्हणाले होते, देवचंद, हे जपून ठेव. तेव्हापासून मी दर महिन्याला त्याची एक प्रत काढून ठेवत होतो, न जाणो पहिली खराब झाली तर. आता ती पुसायची म्हणजे पुन्हा ठराव आला, आणि 'नानांचे भाषण पंचवीस वेळा पुसावे' असा ठराव नानांसमोर कोण मांडणार? शुक्रवारी दुपारी मी दाराला आतून कडी लावली आणि एक एक करत पुसले. एकच ठेवायचे ठरवले होते. शेवटी धीर झाला नाही, दोन ठेवली. (हे पत्र वाचून झाल्यावर एवढा भाग फाडून टाक.)

जागा झाली, निळी रेघ शेवटपर्यंत गेली, आणि मी फॉर्म उघडला. पुन्हा तेच, ब्राउझर जुना आहे. शनिवार उजाडला होता. मला रात्रभर झोप नव्हती आणि सकाळी चहा घेताना सून म्हणाली, "आबा, तुम्हाला काही होतंय का? दवाखान्यात जायचं का?" तिला काय सांगणार? तेव्हा मी तुझ्या रमीजला फोन केला. त्याचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे हे मला माहीत असून मी आधी का केला नाही, तर त्याने तुला सांगितले असते म्हणून. मी त्याला तुझ्या नावाची शपथ घातली. त्याने ती पाळली, तेव्हा त्याला आता रागावू नकोस.

रमीजने सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "काका, ब्राउझर बंद करून परत उघडा. झालं काम." मी म्हटले, एवढेच? मी फोन ठेवला, बंद केला, दहा मिनिटे थांबलो, उघडला. जुनाच. पुन्हा फोन केला. "काका, नीट बंद केला ना?" नीट बंद केला. पुन्हा जुनाच. अर्धा तास बंद ठेवला. जुनाच. चौथ्या फोनला रमीजच्या आवाजात मला तुझा आवाज ऐकू आला, कोणी पेटीचा कोयंडा उलटा लावला की तू काढायचास तो.

त्या वेळी यशोदाबाई फरशी पुसत होत्या. (त्या विहाराची आणि अभ्यासिकेची झाडलोट करतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची मांजर येते.) माझे फोनवरचे बोलणे ऐकून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्हीन नुसता पडदा झाकतस. खालना डबा ते चालूच ऱ्हास. मन्ही मांजर तठेच झोपस, गरम लागस म्हनीसन."

मी म्हटले, डबा चालू असतो हे मला ठाऊक आहे, तो मीच चालू ठेवतो.

"मंग तुम्हीन बंद काय कयं?"

कादर, आता इथे मी काय करत होतो ते तुला समजावून सांगतो. जिनात माझे उस्ताद होते वना मिस्तरी. त्यांनी पहिल्याच दिवशी कान धरून शिकवले होते की हंगामात इंजिन बंद करायचे नाही. बंद केले की पुन्हा धरताना अर्धा दिवस आणि चार माणसे जातात. थांबायचे असेल तर नुसता पट्टा उतरवायचा, कापूस थांबतो, इंजिन चालू राहते. अभ्यासिकेला इन्व्हर्टर आल्यापासून मी कॉम्प्युटर त्याच रीतीने चालवत होतो. पोरांच्या परीक्षांचा हंगाम बाराही महिने असतो, त्यामुळे इंजिन कधीच बंद नाही. संध्याकाळी पडद्याचे बटण दाबायचे, वर प्रमिलाबाईंनी शिवलेला कपडा टाकायचा, म्हणजे पट्टा उतरला, असे मी धरून चाललो होतो. पडदा काळा झाला की ब्राउझर थांबला. तो तर कपड्याखाली अकरा महिने जसाच्या तसा उघडा बसून होता.

आमचे बोलणे फोनमधून रमीजला ऐकू जात होते. तो मग म्हणाला, "काका, फोन मावशींना द्या." मी दिला. मी पाहत होतो, यशोदाबाई नुसत्या "हां, हां" करत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. दोन मिनिटांत त्यांना कळले. पण हात ओले म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला हात लावायला नकार दिला आणि फोन परत दिला. तेव्हा रमीजने मला सांगितले ते मी वहीत लिहून ठेवले आहे. तो म्हणाला, "काका, नवा ब्राउझर शुक्रवारपासून येऊन दारात उभा आहे. जुना खुर्चीवरून उठल्याशिवाय नवा बसणार कुठे? त्या कोपऱ्यातल्या फुलीवर दाबा, जुना उठेल."

इतके सोपे होते. पण त्या ब्राउझरमध्ये सत्तावीस पाने उघडी होती. कोणी पोलीस भरतीचे उघडून ठेवलेले, कोणी जुन्या प्रश्नपत्रिकांचे, एका पोरीने मेंदीच्या नक्षीचे. अकरा महिन्यांत ज्याने जे उघडले ते मी बंद करू दिलेले नाही, कारण ती दुसऱ्याची वस्तू आहे आणि माझ्या ताब्यात आहे. चपलांना मी जबाबदार असेन तर पानांना कसा नाही? फुली दाबली आणि सगळी गेली तर सोमवारी सत्तावीस जणांना काय तोंड दाखवू? तेव्हा मी रविवारी, अभ्यासिकेला सुट्टी असताना, एकटा बसून प्रत्येक पानाचा पत्ता हाताने वहीत उतरवून घेतला. माझे इंग्रजी तुला माहीत आहे, मी अक्षरे ओळखतो, पण त्यांच्याशी बोलणे नाही. त्यात एक पत्ता दीड पान लांब निघाला. (आपल्या पोस्टमनला असा पत्ता दिला तर तो राजीनामा देईल.) दुपारचे जेवण नाही, पाठीला रग लागलेली, संध्याकाळी सहाला सत्ताविसावा पत्ता संपला तेव्हा सुनेने विहारात माणूस पाठवला की आबा आहेत का.

काल, सोमवारी, दुपारी दीडला पोरे जेवायला गेली. मी चपला मोजल्या, चार जोड होते, म्हणजे चार जण आत अजून होते. ते चौघे झोपले होते. यशोदाबाई दारात बसल्या. मी खुर्चीत बसलो, डोळे मिटले आणि फुली दाबली.

पडदा रिकामा झाला. मागचे चित्र मी अकरा महिन्यांनी पाहिले, डोंगर आणि तळे आहे. मग रमीजने सांगितल्याप्रमाणे खालच्या खुणेवर दोनदा दाबले. ब्राउझर उघडला, आणि वर कोपऱ्यात ती लाल मिरची नव्हती. त्याने मला विचारले की मघाची पाने परत उघडू का? मी 'हो' म्हटले, आणि सत्तावीसच्या सत्तावीस पाने, मेंदीसकट, आपापल्या जागी येऊन बसली. मी वहीकडे पाहिले. नऊ पाने लिहिली होती मी. यशोदाबाईंना हे सांगितले नाही.

फॉर्म उघडला. कादर, त्यात अवघड काही नव्हते. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, शेवटची शाळा, सोडल्याचे कारण. कारणाच्या जागी खाली काही पर्याय येतील असे वाटले होते, पण तिथे हाताने लिहायचे होते. बराच वेळ थांबून मी 'काम' असे लिहिले. शाळेचा दाखला चढवला, फोटो चढवला. तो पडद्यावर मोठा होऊन आला तेव्हा यशोदाबाई मागे येऊन उभ्या होत्या. "हाऊ पोऱ्या वळखीना दिखस," त्या म्हणाल्या. मी म्हटले, बाई, कोणाला सांगू नका. त्या म्हणाल्या, त्यांची नात याच वर्षी दहावीला आहे, तिची गणिताची वही पाहिजे असेल तर आणून देतील, आणि वही कोणासाठी नेली हे तिलाही सांगणार नाहीत. चार वाजून दहा मिनिटांनी फॉर्म गेला. त्याची पोच छापून निघाली, तिच्यावर माझे पूर्ण नाव आणि त्यापुढे इयत्ता दहावी. मी ती घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. सुनेने रात्री शर्ट धुवायला मागितला तर दिला नाही.

आज सकाळपासून मला काही काळजी नाही, आणि त्यामुळे थोडे चुकल्यासारखे वाटते आहे. ब्राउझरचे मी आता असे ठरवले आहे की दर शनिवारी फुली दाबून बंद करायचा, परत उघडायचा, आणि खूण हिरवी दिसली की त्याच दिवशी 'हो' म्हणायचे. यासाठी कायमचा एकच ठराव पुढच्या पौर्णिमेला करून घेईन. प्रमिलाबाईंचे अनुमोदन आजच मिळाले आहे. मांजरीसाठी मी एक पोते अंथरले आहे, कारण आता रात्री डबाही बंद असतो. ती माझ्याकडे रागाने पाहते.

भाभींना माझा सलाम, रमीजला आशीर्वाद आणि माफी, हुमाला बाहेर घालवल्याबद्दल खाऊ. कठडा धरत जा. इकडचे सगळे आहे तसेच बरे आहे, तिकडचेही तसेच असावे, एवढीच इच्छा करून थांबतो.

तुझा,
देवचंद

ता. क. – हे पत्र पाकिटात घालून पोस्टाकडे निघालो, तर वाटेत हितेंद्रच्या दारात पाटी लागलेली पाहिली. सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत पंधरा दिवसांनी वाढली आहे. म्हणजे मी ते पाच दिवस उगाच काढले. पाकीट फोडून हे लिहितो आहे.

आणखी ता. क. – मुदत वाढलीच आहे आणि ब्राउझर चांगला चालतो आहे, म्हणून परत अभ्यासिकेत येऊन मी आणखी एक फॉर्म अर्धा भरून ठेवला आहे. तो तुझा आहे. नाव, वडिलांचे नाव, शाळा, सगळे मला पाठच होते. जन्मतारखेला अडचण आली नाही, गुरुजींनी त्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांचा जन्म एक जूनलाच करून टाकला होता. गाडी अडली आहे ती तुझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. तो तू स्वतः बनवलेल्या पहिल्या पेटीत, तळाच्या कागदाखाली ठेवला आहेस, हे मला माहीत आहे. त्याचा आणि तुझा एकेक फोटो रमीजकडून पाठव. फोटोत काळा चष्मा चालत नाही.

शेवटचे – तू नाही म्हणशील. म्हणण्याआधी एवढे ऐक. तुझ्या फॉर्मवर परीक्षेचे केंद्र मी धरणगावच टाकले आहे, म्हणजे मार्चमध्ये तुला वीस दिवस माझ्याकडे राहावे लागेल. लागोपाठ भरलेल्या फॉर्मचे नंबर लागोपाठ येतात असा माझा अंदाज आहे (खात्री नाही, चौकशी करतो). पेपरात मी तुला काही विचारणार नाही, तुला सातवीतही येत नव्हते. पण पंधरा-पंधरा वर्षांच्या पोरांनी भरलेल्या त्या वर्गात मान वर केली की समोर एक तरी पांढरे डोके दिसावे, एवढीच माझी मागणी आहे.